रिंगणाबाहेरची घोडी

बेलवाडीचे रिंगण मी पहिल्यांदा पाहिले ते आजोबांच्या खांद्यावर बसून. वर्ष आठवत नाही. आठवते ती पावसाने मऊ झालेली माती, गर्दीत उभे केलेले भगवे झेंडे, डोक्यावर तुळस घेऊन धावत गेलेल्या बायका, त्यांच्यामागून विणेकरी, पखवाजवाले आणि मग अचानक पसरलेली शांतता. घोडा दिसण्याआधी त्याच्या टापा ऐकू आल्या. पुढे स्वार असलेला घोडा आणि मागे रिकाम्या पाठीचा देवाचा घोडा. त्या रिकाम्या पाठीवर कोण बसले आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते, मला मात्र ते आजोबांना विचारावे लागले. घोडे फेऱ्या घालून निघून गेल्यावर लोक रिंगणात घुसले. आजोबांनी मला खाली उतरवले, टापांखालची चिमूटभर माती माझ्या कपाळाला लावली आणि उरलेली धोतराच्या सोग्यात बांधून घेतली. ती त्यांनी दुसऱ्या दिवशी आमच्या रानात नेऊन टाकली.

तुकोबांच्या पालखीचा मार्ग ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये हा सोहळा सुरू केला. देहूहून निघालेली पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड अशी मुक्काम करत उंडवडी गवळ्याची या गावी येते. तिथून बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी. सराटीला पादुकांना नीरास्नान घडते आणि नदी ओलांडून पालखी अकलूजला, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात शिरते. या वाटेवर बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत दोन वेगळ्या प्रकारची रिंगणे होतात. बारामती सोडल्यावर काटेवाडीला परीट समाज पालखीसमोर धोतरांच्या पायघड्या घालतो आणि धनगरांची मेंढरे पालखीभोवती फेऱ्या घालतात. त्यानंतर बेलवाडीला आणि पुढे इंदापूरला अश्वांचे गोल रिंगण होते. मेंढरांचे रिंगण आणि घोड्यांचे रिंगण यांत जेमतेम एका मुक्कामाचे अंतर आहे.

या अंतराविषयी मी अनेक वर्षे विचार करत आलो आहे. कारण आमच्या भागात मेंढरू आणि घोडा हे दोन वेगळे प्राणी असले तरी त्यांचे जगणे एकच होते. मेंढरांच्या मागे एक घोडे असे, आणि ते दोन्ही रिंगणांत कधीच नव्हते. त्या घोड्याविषयी मला लिहायचे आहे. त्यात माझ्या हातून घडलेली एक गोष्ट आहे. तीही सांगायची आहे.

*

शाळू निघाला की फाल्गुन-चैत्रात आमच्या रानात धनगरांचा वाडा उतरायचा. 'वाडा' म्हणजे चौसोपी नव्हे. पाच-सहा कुटुंबे, त्यांच्या मेंढरांच्या खांडी, कुत्री, कोंबड्या आणि सामान वाहणारी घोडी मिळून जे फिरते गाव होते त्याला वाडा म्हणत. रात्री वाघर लावून मेंढरे रानात बसवायची, सकाळी ती काढून पुढच्या तुकड्यात. लेंड्या आणि मूत यांनी जमीन अशी उतायची की पुढची दोन पिके वेगळे खत मागत नसत. मोबदल्यात आजोबा ज्वारी मोजून देत. वाड्याच्या म्होरक्याला ते 'पाव्हणं' म्हणत आणि तो त्यांना 'आबा'. हा व्यवहार कागदावर कधी आला नाही.

मला आकर्षण मेंढरांचे नव्हते. वाडा यायच्या दिवशी मी बांधावर जाऊन उभा राहायचो तो घोड्यांसाठी. पुरुष मेंढरे चारत आडरानाने येत; सामानाची घोडी घेऊन बाया वाटेने येत. माझ्या खांद्याइतक्या उंचीच्या घोड्या, रुंद छातीच्या, आखूड मानेच्या. पाठीवर खोगीर, खोगिरावर घडी घातलेली घोंगडी, दोन्ही अंगांना पीठ, भांडी आणि कपडे भरलेली पोती, त्यावर वाघरीची गुंडाळी, तिच्यावर कोंबड्यांचे डालगे, एका बाजूच्या झोळीतून डोकावणारी दोन-तीन दिवसांची कोकरे. आणि या सगळ्याच्या वर, कधीकधी, एक दीड-दोन वर्षांचे मूल. घोडीची दोरी हातात धरून पुढे चालणारी बाई. ती घोडीवर बसलेली मी कधी पाहिली नाही. घोडी जेवढे चाले तेवढे ती चाले.

त्यांतल्या एका तट्टाणीचे नाव भिवरी होते. वाड्यातल्या म्हातारीची ती घोडी. तिच्या पाठीवर, जिथे खोगीर बसते तिथे, पांढऱ्या केसांचे दोन ठिपके होते. मला ते नक्षीसारखे वाटत. एकदा विचारल्यावर म्हातारीने सांगितले की ती नक्षी नव्हे, जखम आहे. खोगीर लागले की कातडे सोलते, जखम भरली की तिथे केस पांढरे येतात. "माझी चूक ती," म्हातारी म्हणाली, "भरती नीट नव्हती."

'खोगीरभरती' हा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता. पुढे शाळेत कळला, तो निरुपयोगी माणसांच्या भरण्याला वापरायचा शब्द म्हणून. आज तो वाचला की म्हातारीचे वाक्य आठवते. मुक्कामाला ती खोगीर उलटे करून मांडीवर घ्यायची, शिवण उसवायची, आतली लोकर आणि चिंध्या बाहेर काढून पिंजायची, आणि घोडीच्या पाठीवरून हात फिरवून कुठे जास्त, कुठे कमी हे ठरवून पुन्हा भरायची. उन्हाळ्यात घोडी उतरते, पाठीचा कणा वर येतो, मग मधली खाच रुंद ठेवावी लागते. पावसाळ्यानंतर अंग भरते, मग ती बुजवावी लागते. एका जनावराच्या पाठीचा आकार तिच्या हाताला पाठ होता. आपल्या भाषेने मात्र या कारागिरीतून फक्त टाकाऊपणा उचलला.

तीच गत 'तट्टू' या शब्दाची. घोडा म्हटले की मराठीत मान आहे: घोडामैदान, घोडेस्वार, घोडदळ. तट्टू म्हटले की पुढे 'भाडोत्री' आलेच. मोठी आशा फळाला आली की गंगेत घोडे न्हाते. तट्टू न्हाल्याचे कोणी म्हणत नाही. अपवाद एकच, आणि तो ठळक आहे. राजा बढे यांनी लिहिलेल्या आणि २०२३ पासून राज्यगीत झालेल्या महाराष्ट्रगीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख येतो. आता शाळाशाळांतून तो गायला जातो. भीमथडी म्हणजे काय, आणि ती तट्टे आज कुठे आहेत, हे गाणाऱ्या मुलांना कोणी सांगत असेल का, याविषयी मी साशंक आहे.

*

थडी म्हणजे नदीचा काठ. भीमथडी म्हणजे भीमेकाठचा प्रदेश. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्यात याच नावाचा तालुका होता. १८७५ मध्ये सावकारांच्या वह्या जाळण्यापासून पेटलेले दख्खनचे दंगे ज्या सुप्यात सुरू झाले ते सुपे भीमथडी तालुक्यातले, आणि आज बारामतीतले. त्यापूर्वी दोन-अडीचशे वर्षे मागे गेलो तर हाच टापू भोसल्यांच्या जहागिरीचा. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले. सुपे आणि इंदापूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधली ही कोरडी, मोकळी, गवताळ माळराने. पाऊस कमी, गवत आखूड पण कसदार. अशा रानात वाढलेले घोडे उंच होत नाही, चिवट होते. थोड्या चाऱ्यावर, थोड्या पाण्यावर, दगडधोंड्यांतून दिवसभर चालू शकणारे. स्थानिक तट्टांत बाहेरून आलेल्या अरबी आणि तुर्की घोड्यांचे रक्त मिसळून मराठ्यांच्या काळात ही जात घडत गेली असे मानले जाते.

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. घोडा सरकारचा असेल तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन येणारा शिलेदार. गंमत अशी की यांतला 'बारगीर' बंगालात पोचला तो 'बर्गी' होऊन, आणि तिथल्या अंगाईगीतांत मुलांना भीती घालण्यासाठी आजही उरला आहे. इथले राज्यगीत ज्या तट्टांचा गौरव करते तशाच तट्टांच्या टापा दुसऱ्या एका भाषेत आया दबल्या आवाजात गातात. इतिहासाचा अभिमान बाळगणाऱ्याने ही दुसरी बाजूही ठाऊक करून घ्यावी एवढेच.

मला या इतिहासातले एकच चरित्र इथे हवे आहे. नीरेकाठच्या होळ या गावी १६९३ मध्ये एका धनगराच्या घरी मुलगा जन्मला. होळ आज बारामती तालुक्यात आहे. वडील लवकर वारले, आई त्याला घेऊन खानदेशात भावाकडे गेली, आणि मुलाने तिथे मेंढरे राखली. हा मुलगा म्हणजे मल्हारराव होळकर. १७५७ मध्ये राघोबादादांबरोबर दिल्लीत शिरलेल्या मराठी फौजेत तो होता; पुढच्या वर्षी मराठे अटकेपर्यंत पोचले. यमुनेचे पाणी प्यालेल्या तट्टांची गोष्ट म्हणून आपण जी सांगतो ती मुळात मेंढरांमागे सामान वाहणाऱ्या आणि फौजेत स्वार वाहणाऱ्या एकाच जनावराची गोष्ट आहे. फौज आणि वाडा यांच्यामध्ये भिंत नव्हती. मुक्काम उचलणे, रोज नवी जागा, थोडक्यात भागवणे, चारा-पाण्याची नजर, रात्रीची राखण. जे वाड्यात शिकले तेच फौजेत उपयोगी पडले.

१८१८ नंतर फौज गेली. पागा ओस पडल्या. राजांच्या पागांतले उंच घोडे शर्यतीकडे, पोलोकडे, वरातीकडे गेले. भीमथडीचे तट्टू राहिले ते केवळ धनगरांमुळे, कारण धनगरांना ते लागत होते. अभिमानाने ते राखले असे कोणी म्हणू नये. सामान वाहायला दुसरे काही नव्हते म्हणून राखले. आणि म्हणूनच राखले गेले. एखादी जात टिकते ती तिच्या कामामुळे, हे पशुपालकाला सांगावे लागत नाही.

मग थडीच गेली. नीरेच्या बाजूने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डावा कालवा आला आणि माळाचा मळा होऊ लागला. विसाव्या शतकात साखर कारखाने आले. वालचंदनगर तर कारखान्यापासूनच वसले. भीमेच्या बाजूने १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले आणि इंदापूर तालुक्यातला नदीकाठ पाण्याखाली गेला. पळसदेवचे जुने देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते, लोक ते पाहायला जातात, छायाचित्रे काढतात. त्याच पाण्याखाली गवताची कुरणे होती. ती पाणी उतरल्यावरही वर येत नाहीत. या पाण्याने आमची घरे उभी राहिली, मी शिकलो, हे मी विसरलेलो नाही. पण भीमथडी या शब्दातली थडी शब्दशः बुडाली, हेही तितकेच खरे.

*

आता ती गोष्ट.

१९८५ चा उन्हाळा. वडिलांनी कर्ज काढून पहिल्यांदा दोन एकर ऊस लावला होता. आजोबांच्या मनात नव्हते. पण रान आता वडिलांच्या हातात होते. उरलेल्या तुकड्यात वाडा उतरला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी पाहायला गेलो तेव्हा भिवरी उसात होती. दोरी तुटली होती, तिचा तुकडा गळ्यात लोंबत होता. कोवळ्या उसाच्या एका ओळीचे शेंडे तिने खाल्ले होते. मी दहा वर्षांचा होतो. तिला हाताला धरून बाहेर काढता आले असते. ती मला ओळखत होती. मी तसे केले नाही. धावत घरी गेलो आणि वडिलांना सांगितले. का सांगितले याचे उत्तर मी अनेकदा शोधले आहे. वडिलांनी त्या उसाविषयी घरात ज्या आवाजात बोलायला सुरुवात केली होती त्या आवाजात मलाही सामील व्हायचे होते, एवढेच सापडते.

वडिलांनी भिवरीला कोंडवाड्यात घातले. आजोबा लग्नाला परगावी गेले होते. ते यायला दोन दिवस लागले. कोंडवाड्याच्या दगडी भिंतीपलीकडून ती दिसायची. तिच्यापुढे कडब्याच्या दोन पेंढ्या कोणीतरी टाकल्या होत्या. म्हातारी दोन्ही दिवस भिंतीला टेकून बसली होती. ती भांडली नाही. मी शाळेत जाताना तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि ओळखीचे हसली. तिला ठाऊक नव्हते. की ठाऊक होते?

आजोबा आले, त्यांनी दंड भरला, घोडी सोडवली आणि ज्वारीचे पोते वाड्यावर पोचवले. वडिलांना ते एक शब्द बोलले नाहीत. वाडा मात्र त्याच दिवशी दुपारी, भर उन्हात, उठला. एरवी वाडे सकाळी उठतात. पुढच्या वर्षी पाव्हणे आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. वडिलांनी खताच्या गोणी आणल्या आणि चार वर्षांत सगळे रान उसाखाली गेले. आजोबा रिंगणाला जात राहिले, माती आणत राहिले. पण ती रानात टाकायची सोडून देवघरात ठेवू लागले.

मला ही गोष्ट मोठी करायची नाही. कोणी मेले नाही. कोणाचे घर उजाडले नाही. नियमाप्रमाणे जे व्हायला हवे तेच झाले. पण एका दोरीने बांधलेले दोन संसार होते, आणि ती दोरी माझ्या डोळ्यांदेखत सुटली. गाठ सोडणारा हात माझा होता.

*

अमेरिकेत राहणाऱ्या एका मित्राने मध्यंतरी काही छायाचित्रे पाठवली. नेवाडा राज्यातल्या एल्को नावाच्या लहान गावात दरवर्षी हिवाळ्यात गुराख्यांचा काव्यमेळा भरतो. लोकसंस्कृतीच्या काही अभ्यासकांच्या पुढाकाराने तो सुरू झाला. घोड्यावर बसून गुरे राखणारी माणसे आपल्या कविता म्हणतात, गाणी गातात. त्यांच्या अवतीभवती खोगिरे घडवणारे, कच्च्या कातड्याचे दोर विणणारे, लगामाच्या कड्यांवर चांदीचे काम करणारे कारागीर. जगातल्या इतर पशुपालक समाजांचीही माणसे तिथे पाहुणी म्हणून जातात. एका छायाचित्रात एक वृद्ध कारागीर खोगिराच्या लाकडी सांगाड्यावर कातडे ताणून बसवत होता. काचेच्या पेटीत तयार खोगीर ठेवले होते आणि त्याखाली कारागिराचे नाव होते.

मित्राने विचारले होते, आपल्याकडे असे काही का नाही? मेळा सुरू झाला ते वर्ष १९८५, हे वाचून मी काही वेळ उत्तरच लिहिले नाही.

आपल्याकडे घोड्यांचे मेळे नाहीत असे नाही. नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीला एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अलीकडे त्याला चेतक महोत्सवाची जोड मिळाली. नांदेडकडे माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे येतात. नीरा ओलांडली की अकलूजचा घोडेबाजार आहे. मी दोन ठिकाणी गेलो आहे. तिथे मारवाडी आणि काठेवाडी घोडे नाचवतात, त्यांच्या कानांच्या टोकांची चर्चा होते, किमती वर्तमानपत्रांत छापून येतात. ते सुंदर आहेत यात शंका नाही. पण तिथे पाठीवर पांढरे ठिपके असलेली तट्टाणी कोणी आणत नाही, आणि खोगिराची भरती कशी करावी हे दाखवायला कोणा म्हातारीला बोलावत नाहीत.

आपल्या चित्रांतही तसेच आहे. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनांनी आयुष्यभर घोडे रंगवले. मान उंचावलेले, चौखूर उधळलेले. आपले अश्वारूढ पुतळे पाहा. घोडा उंच, पिळदार, एक पाय उचललेला. घोडा धावतो तेव्हाच तो आपल्याला दिसतो. आणि त्यावर पुरुष असतो, किंवा देव. आमच्या भागात घोड्यांची जी संस्कृती प्रत्यक्षात टिकून राहिली तीत घोडे चालते, आणि त्याच्या पुढे दोरी धरून एक बाई चालते. या चित्राला चौकट मिळालेली नाही. धनगरी ओव्यांत, सुंबरान मांडताना देवांच्या घोड्यांची वर्णने रात्रभर चालतात. तिथेही घोडा बिरोबाचा किंवा खंडोबाचा असतो. खाली शेकोटीपलीकडे बांधलेली घोडी गोष्टीत येत नाही.

२०२४ च्या सुरुवातीला बातमी आली की कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र भारतीय जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठेवाडी, स्पीती, झांस्करी, भुतिया, मणिपुरी आणि कच्छी-सिंधी या सातांच्या पंक्तीत हे आठवे नाव. त्यामागे बारामतीतल्या काही लोकांचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता आणि तो मोलाचा आहे. ज्याला आपण केवळ 'तट्टू' म्हणून हिणवत आलो त्याला नाव, मोजमाप आणि क्रमांक मिळाला. बातमी वाचून मला आनंद झाला, आणि मग लगेच तो कोंडवाडा आठवला. नोंदवहीत जागा मिळणे निराळे आणि रानात जागा मिळणे निराळे.

*

गेल्या वर्षीच्या वारीत मुलीला घेऊन बेलवाडीला गेलो. ती आता महाविद्यालयात आहे. तिने रिंगणाची शंभरेक छायाचित्रे काढली. घोडे आले, गर्दीने श्वास रोखला, टापांची माती उडाली, आणि माझ्या अंगावर तसाच काटा आला जसा आजोबांच्या खांद्यावर आला होता. हे सगळे लिहूनही रिंगणाविषयीची माझी ओढ कमी झालेली नाही, हे कबूल करतो. माती मी कपाळाला लावली. मुलीनेही लावली.

परतताना बारामतीच्या बाजूने आलो. जुनी पालखीची वाट आता चौपदरी महामार्ग होते आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात तिचे भूमिपूजन झाले. काटेवाडीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने एक वाडा चालला होता. पावसाआधी कोकणातून घाट चढून गावाकडे परतणारा, थोडा उशीर झालेला. मेंढरे पुढे गेली असावीत. दोन बाया आणि तीन घोडी. एका घोडीवर पोत्यांच्या वर सौरदिव्याची तबकडी उन्हाकडे तोंड करून बांधलेली होती. बाकी सगळे चाळीस वर्षांपूर्वी होते तसे. डालगे, वाघर, झोळीतली कोकरे. मी गाडी थांबवली. मुलगी म्हणाली, "बाबा, ही खेचरं आहेत का?"

मी उतरून वयस्कर बाईंना नमस्कार केला. पाणी दिले. मग, काहीतरी बोलायचे म्हणून, विचारले, "मावशी, ही भीमथडी ना?"

"म्हंजी?"

"घोडीची जात."

"जात कसली? आमची घोडी हाय."

मी नोंदणीविषयी सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, एखाद्या लहान मुलाचे ऐकावे तसे. मग म्हणाल्या, "पोरगं म्हणतंय टेंपू घेऊ. टेंपू घेतला म्हंजी घोडी इकायची. म्या म्हणलं, टेंपू आडरानात येतुया व्हय? त्यो म्हणतुया, आडरान ऱ्हायलंय कुठं?" दोघी हसल्या. मलाही हसू आले.

मी घोडीच्या पाठीकडे पाहत होतो. खोगिराखालून पांढरे ठिपके दिसतात का ते शोधत होतो. दिसले नाहीत, भरती नीट असावी. तिच्या टापांजवळ रस्त्याच्या कडेची लाल धूळ होती. वाकून ती उचलावी असे मनात आले. एका तासापूर्वी हजारो लोकांत मी तेच केले होते. पण इथे रस्त्यावरून गाड्या जात होत्या, मुलगी पाहत होती, त्या दोघी पाहत होत्या. मी वाकलो नाही.

त्या निघाल्या. चार पावले गेल्यावर मावशी थांबल्या आणि वळल्या.

"पाव्हणं, तुमचं गाव कंचं?"

मी सांगितले.

"कालव्याकडचं. मग रान आसंल की. मोकळं हाय का? चार रातीला मेंढरं बसवू. खत चांगलं हुतंय."

चाळीस वर्षांनी तो प्रश्न मला कोणीतरी विचारत होते. आजोबांना विचारला जायचा तोच, त्याच शब्दांत.

"ऊस आहे, मावशी," मी म्हणालो.

"समद्यांचाच हाय," त्या म्हणाल्या, आणि घोडीची दोरी सैल करून चालू लागल्या.